शोभेच्या माशांचा मेळावा आणि शेतकरी

मुंबईस चर्नी रोड स्थानकाजवळ १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, व कांचेमागें फिरणारा मासा शहरांतील आबालवृद्धांच्या परिचयाचा झाला. गिरगांव, परळ, लालबाग येथील एका खोलीच्या बिऱ्हाडांतहि दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी कांचेची टांकी मावते. तींत सुमारें ५६ लिटर पाणी राहतें. अशा हौशी मंडळींचा मेळावा भरला म्हणजे गप्पी, मॉली, एंजल, फायटर इत्यादि गोड्या पाण्यांतील मासे एकत्र पाहावयास मिळतात. ज्यांच्याजवळ विहीर किंवा शेततळें आहे अशा आमच्या वाचकांस हा जोडधंद्याचा विषय आहे. म्हणून तेथें जाणाऱ्यानें काय पाहावें हें आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, रंगास भुलण्यापूर्वीं पाण्याची चौकशी करावी. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेंतून अमोनिया पाण्यांत येतो, व तो माशास विषच होय. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात; तें बरेंच निरुपद्रवी. शेतांत टाकलेल्या खताचें होतें तेंच हें. परंतु नव्या टांकींत हे जंतु वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मेळाव्यांतून डझनभर मासे आणून त्याच दिवशीं नव्या टांकींत सोडले, तर थोड्याच दिवसांत ते मरूं लागतात, व पैसा फुकट जातो. टांकी आधीं, मासे मागाहून, हा क्रम मोडूं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरिनहि घातक. तें पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग वापरावें.

दुसरी गोष्ट, जातीची निवड. गप्पी व मॉली अंडीं न घालतां पिलेंच प्रसवतात, व गप्पीची मादी सुमारें महिन्यानें वितें. नवशिक्यास ह्याच जाती बऱ्या. मात्र आईबापच पिलें खातात, यासाठीं टांकींत दाट पाणवनस्पति ठेवाव्या. फायटरचे दोन नर एकत्र ठेवूं नयेत.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मासा घेतांना तो किती मोठा होतो हें अवश्य विचारावें. दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा बोटाएवढा असतांना विकला जातो, पण पुढें फुटाहून अधिक वाढतो. मग कंटाळून लोक तो विहिरींत किंवा नदींत सोडतात. उजनी जलाशयांत तो पसरला असून त्याच्या कांटेरी परांनीं मच्छीमारांचीं जाळीं फाटतात. आपल्या शेततळ्यांतील पाणी पावसाळ्यांत ओढ्यास मिळतें, हें ध्यानांत ठेवून परदेशी मासा उघड्या पाण्यांत कधींहि सोडूं नये.

पहिल्या मेळाव्यांत कांहीं विकत न घेतां केवळ विचारपूस करून परतावें, हीच आमची सूचना आहे.