गुन्ह्यांचे आकडे आणि हिशेबाचा तक्ता

भिलाईतील कोहका येथे राहणाऱ्या एखाद्या नागरिकाने आपला भाग पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला आहे काय, हे आकड्यांवरून पडताळून पाहावयाचे ठरविले, तर त्याला आरंभीच एक अडचण येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत कोहका नाही. आहे तो दुर्ग जिल्हा. तेव्हा जिल्ह्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे.

ह्या कामी संगणकावरील स्प्रेडशीट फार उपयोगी पडते. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे तिच्यात उभे रकाने व आडव्या ओळी असतात. फरक इतकाच की, एका घरातील आकडा बदलला म्हणजे त्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलतात. प्रत्येक वर्षासाठी एक ओळ घ्यावी आणि वर्ष, गुन्ह्याचा प्रकार, नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या व लोकसंख्या असे रकाने करावेत. शेवटचा रकाना पुष्कळजण गाळतात, आणि तेथेच फसगत होते.

दुर्ग जिल्ह्याचेच पाहा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३३,४३,८७२ होती. १ जानेवारी २०१२ रोजी त्यातून बालोद व बेमेतरा हे दोन जिल्हे वेगळे झाले आणि उरलेल्या दुर्गच्या वाट्याला त्याच जनगणनेप्रमाणे १७,२१,९४८ माणसे आली. आता केवळ उदाहरणादाखल असे समजू की, २०११ साली अखंड जिल्ह्यात ६,००० गुन्हे नोंदले गेले आणि २०१२ साली उरलेल्या जिल्ह्यात ३,१००. नुसत्या संख्येचा आलेख काढला, तर रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसेल आणि कोणीही पुढारी त्या रेषेचे श्रेय घेऊ शकेल! परंतु दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण काढले, तर पहिल्या वर्षी ते सुमारे १७९ येते व दुसऱ्या वर्षी १८०. बदलला होता तो नकाशा.

भागाकाराचे हे महत्त्व जुन्या अभ्यासकांनी ओळखले होते. फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरी ह्यांनी १८२९ साली बाल्बी ह्यांच्यासह गुन्ह्यांचे छायांकित नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी प्रांतांची तुलना लोकसंख्येच्या प्रमाणातच केली होती.

तक्त्यात आणखी एक रकाना हवा, तो शेऱ्याचा. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील, तर वार्षिक गणनेत त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो. म्हणजे चोरी करताना खून झाला, तर चोरीच्या रकान्यात काहीच भर पडत नाही. शिवाय कायदा बदलला की मोजणीही बदलते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात वस्तू हिसकावून नेण्याच्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलम आहे. त्या दिवशी रेषेला वळण लागले, तर दोष वा गुण चोरांकडे देण्यापूर्वी शेरा वाचावा. नोंदणीचेही तसेच आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आल्यास प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. ठाण्यातून विन्मुख परतणाऱ्यांची संख्या घटली, तर नोंदलेले गुन्हे वाढतील. ह्या वाढीला अवनती म्हणणे अन्यायाचे होईल.

आता पुन्हा कोहका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रथम खबरी चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. त्यामुळे आपल्या ठाण्याच्या खबरी महिन्यामागून महिना मोजून जिल्ह्याच्या तक्त्याशेजारी स्वतःचा लहानसा तक्ता मांडता येतो. मात्र लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील प्रकरणांच्या खबरी त्या आदेशातून वगळलेल्या आहेत. अशा गुन्ह्यांच्या घरात शून्य लिहू नये. ते घर रिकामे ठेवावे आणि शेऱ्यात कारण नोंदवावे. शून्य लिहिले, तर संगणक ते सरासरीत धरील; रिकामे घर तो सोडून देतो.