उलव्यातला फ्लॅट आणि आपांचे दहा हजार

पिंपळगावच्या माणसाला न्हावाशेवा हे नाव लहानपणापासून ठाऊक असते. मार्केटातला कांदा, पॅकहाऊसमधली द्राक्षे कंटेनरमध्ये भरली की गाडी त्या बंदराकडेच जाते. पण त्याच बंदराजवळ, खाडीकाठी, उलवे नावाचे उपनगर उभे राहिले आहे आणि तिथे फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, ही चर्चा आमच्याकडे अलीकडची. आता दावतीत बिर्याणीच्या ताटावरही हाच विषय निघतो. "पूल झाला, विमानतळ झाला, आता नाही घेतला तर कधीच नाही," असे सांगणारा एकजण प्रत्येक दस्तरखानावर असतोच.

आम्हीही हसून सोडून दिले असते. पण आमच्या आपांनी विचारले. दुलाभाईंच्या इंतकालनंतर आलेली रक्कम आणि अब्बांच्या जागेतला त्यांचा वारसा हक्क मिळून त्यांच्याकडे पन्नास लाखांच्या वर पैसा होता. बँकेचे व्याज त्यांना नको. मुलगा अजून कॉलेजात. "तुम्ही दोघं शिकलेले आहात. बघून या. मला दर महिन्याला घरखर्चापुरतं आलं म्हणजे झालं," एवढेच त्या म्हणाल्या. पैसा आपला नसला की पाय जपून पडतो. विधवा बहिणीची अमानत घेऊन आम्ही जुलैच्या पावसात निघालो.

जुलै मुद्दाम निवडला. समुद्राकाठचे घर उन्हाळ्यात पाहू नये, तेव्हा सगळ्याच इमारती कोरड्या असतात. खाडीलगतचा हा भाग मुळात भातशेतीचा आणि दलदलीचा, त्यावर भराव टाकून भूखंड झालेले. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जायचे थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने हे भोगले आहे. म्हणून भरतीची वेळ पाहून आम्ही इमारतींच्या तळमजल्याशी उभे राहिलो, पार्किंगच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ शोधली. खारी हवा लोखंड खाते. आठ-दहा वर्षांच्या एका इमारतीत सज्जाच्या खालचा गिलावा फुगून आतले गंजलेले गज दिसत होते. अशा ठिकाणी डागडुजीचा खर्च आमच्या नाशिककडच्या घरापेक्षा लवकर येतो, हे कोणताही दलाल स्वतःहून सांगत नाही.

उलव्याचे गुण खोटे नाहीत. सिडकोने आखलेले नगर, रस्ते रुंद. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि त्याच दिवशी लोकल पुढे उरणपर्यंत गेली. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आता याच तारखा दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले होते, म्हणजे साडेसात वर्षे गेली. खारकोपर ते उरण एवढ्याशा रुळाला पाच वर्षे लागली. "येणार, येणार" या शब्दावर ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांनी तेवढी वर्षे जुन्याच भाड्यावर काढली. किंमत मात्र आधीच वाढून बसते. येणाऱ्या विमानतळाचे पैसे बिल्डर आज घेतो, भाडेकरू मात्र आज जे आहे त्याचेच देतो.

म्हणून आम्ही इमारतींपेक्षा माणसे जास्त पाहिली. सकाळी साडेसातला बामणडोंगरी स्टेशनवर उभे राहिलो. कोण जातो, कुठे जातो? बेलापूर-नेरूळची नोकरी, बंदरातील कंटेनर यार्ड, विमानतळाची कामे. चहाच्या टपरीवर एका तरुणाने सांगितलेली गोष्ट डोळे उघडणारी होती. त्याचे काम शिवडीला, पूल घरासमोर, पण अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना परवानगीच नाही. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. त्यामुळे तो लोकलनेच वळसा घालून जातो. पुलाच्या जाहिरातीत मोटार दिसते, भाड्याने राहणाऱ्याकडे बहुधा मोटारसायकल असते.

रात्री लॉजवर वही काढली. हिशेबापुरती किंमत ५० लाख आणि भाडे १५ हजार धरले. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार पाच ते सात टक्के (घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत, ती आपांना मिळाली असती), नोंदणी ३० हजार, दलाली, हस्तांतराचा खर्च, रंगकाम धरून एकूण ५४ लाख. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी वेगळा. वर्षाचे भाडे १ लाख ८० हजार. एक महिना घर रिकामे राहणारच: उरले १ लाख ६५ हजार. सोसायटीचा देखभाल खर्च २४ हजार, कर आणि दुरुस्ती मिळून २१ हजार. हातात १ लाख २० हजार. महिन्याला दहा हजार. ५४ लाखांवर सव्वादोन टक्केही नाहीत.

कर्ज काढून घेणाऱ्यांचे गणित तर याहून वाईट. ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे, तर हप्ता २६ हजारांच्या पुढे. व्याजाचा दीनी प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी भाड्यातून हप्ता निघत नाही. "भाडंच हप्ता भरेल" हे वाक्य ऐकले की आम्ही समोरच्याला वही-पेन्सिल देतो.

मग लोक घेतात का? किंमत वाढेल म्हणून. इथे नियत स्वतःशी स्पष्ट हवी. आम्ही मौलानांनाही विचारले. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, साठलेल्या भाड्यावर आहे. पण विकून नफा कमावण्याच्याच इराद्याने घेतले तर तो तिजारतीचा माल, दरवर्षी बाजारभावावर जकात. ज्याला पंधरा वर्षे पैशाची गरज नाही, त्याने किंमत वाढण्याची वाट खुशाल पाहावी. आपांना दर पहिल्या तारखेला किराणा भरायचा होता.

कागदांचेही पाहिले. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावरची असते, त्यामुळे जुना फ्लॅट घेताना सिडकोची ना हरकत आणि हस्तांतर शुल्क आधी विचारावे. बऱ्याच इमारती प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर आहेत, तिथे मालकीची साखळी वकिलाकडून तपासावी. गावठाणाच्या कडेला भोगवटा प्रमाणपत्र नसलेले स्वस्त फ्लॅट दाखवले जातात, तिकडे आम्ही चप्पलही काढली नाही. नवे बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक स्वतः तपासावा. भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते.

आणखी एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो. नाव ऐकताच दलालाचा आवाज बदलणे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. उद्या आपण मालक झालो आणि आपल्यासारखाच एखादा भाडेकरू आणला, तर सोसायटी काय म्हणेल? आम्ही दोन ठिकाणी सेक्रेटरींना सरळ विचारले. एकाने चहा पाजून "कागद पूर्ण असले की झाले" म्हटले. दुसऱ्याने "कमिटीत ठेवू" म्हटले. ती इमारत आम्ही यादीतून काढली, कारण अशा ठिकाणी घर एक नाही, तीन महिने रिकामे राहू शकते.

घरी येऊन वही आपांपुढे ठेवली. त्यांनी दहा हजारांच्या आकड्यावर बोट ठेवले. "आणि नळ गळाला, भाडं थकलं, तर दोनशे किलोमीटर कोण जाणार? तुम्हाला शाळा, मला गुडघे." आमच्याकडे उत्तर नव्हते. भाचा म्हणाला, "अम्मी, दहा वर्षांनी दुप्पट होतील." आपा म्हणाल्या, "तुझी फी याच जूनला आहे."

सध्या आम्ही मार्केटजवळचे दोन गाळे आणि वरच्या खोल्या पाहतो आहोत. टोमॅटोच्या हंगामात बाहेरगावचे व्यापारी राहायला जागा शोधतात, पण हंगाम संपल्यावर त्या खोल्यांत कोण, हे आम्हाला अजून विचारायचे आहे. वहीचे नवे पान काढले आहे. पहिल्या ओळीत आपांनी स्वतःच लिहिले: रिकामे महिने किती?