शब्दाच्या शेवटी उरणारा नाद : टाळ, मृदंग आणि गॅमलन



ध्वन्यनुकारी शब्दांचा विचार करताना आपण बहुधा दोन-चार उदाहरणे देऊन पुढे जातो : पाण्याची खळखळ, पानांची सळसळ. हे शब्द म्हणजे निसर्गातील आवाजांची नक्कल, एवढे लिहिले की उत्तर पूर्ण झाले असे वाटते. परंतु नक्कल नेमकी कशाची? आवाजाचा कोणता अंश भाषा उचलते आणि कोणता सोडून देते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत पाठात आघाती वाद्यांचे क्षेत्र निवडले आहे. तेथे मूळ ध्वनी कसा निर्माण होतो हे भौतिकशास्त्राने बरेचसे उलगडले आहे, आणि त्या ध्वनीसाठी माणसांनी योजलेले शब्दही आपल्यासमोर आहेत.

प्रथम टाळ घेऊ. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव असो किंवा त्याच जिल्ह्यातील, संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नर्सी असो, एकादशीच्या भजनात टाळ वाजतोच. टाळाच्या दोन्ही वाट्या दोरीला सैल धरून एकमेकींवर आपटल्या, तर नाद बराच वेळ रेंगाळतो. त्याला आपण ‘टण’ किंवा ‘झण’ म्हणतो. त्याच वाट्या तळव्यात घट्ट दाबून आपटल्या, तर ‘टक’ किंवा ‘चट’ ऐकू येते. धातू तोच, आघातही तोच. फरक इतकाच की तळहात कंपनाची ऊर्जा शोषून घेतो. काशात, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूत, कंपन आतल्या आत फारसे विरत नाही. म्हणून मोकळा सोडलेला काशाचा टाळ दीर्घकाळ नादत राहतो.

आता या शब्दांच्या शेवटाकडे लक्ष द्या. टणटण, खणखण, झणझण, घणघण, किणकिण. उलट बाजूला टकटक, ठकठक, खटखट, चटचट. पहिल्या रांगेच्या अखेरीस अनुनासिक ‘ण्’ आहे, दुसऱ्या रांगेच्या अखेरीस स्पर्शव्यंजन. ‘ण्’ उच्चारताना मुखातील मार्ग बंद झाला तरी नाकावाटे हवा वाहत राहते आणि स्वरतंत्रीही कंप पावत राहतात. म्हणून ‘टण्ण्ण्’ असा उच्चार हवा तितका लांबवता येतो. ‘टक्’ मधील ‘क्’ लांबवून पाहा, जमणार नाही. अर्थात येथे शब्दाचा प्रारंभ आघाताचे, तर त्याचा शेवट आघातानंतर जे उरते त्याचे अनुकरण करतो. मधला स्वरही निरर्थक नाही. मोठ्या घंटेची घणघण आणि लहान घंटीची किणकिण यांत ‘इ’ हा स्वर लहान घंटीच्या वाट्याला आला आहे. ‘इ’च्या उच्चारात उच्च कंप्रतेची ऊर्जा ‘अ’पेक्षा अधिक असते, आणि लहान घंटीचा नादही उंच असतो.

हा केवळ मराठीचा योगायोग असेल काय? इंडोनेशियातील जावा आणि बाली या बेटांवर गॅमलन नावाचा वाद्यमेळ आहे. त्यात प्रामुख्याने कांस्याची आघाती वाद्ये असतात. त्यांपैकी काहींची नावे पाहा : गोंग, केनोंग, केटुक. गोंगचा नाद दीर्घ आणि खोल, केनोंगचाही गुंजत राहणारा. केटुकचा आवाज मात्र कोरडा, तोकडा. पहिली दोन नावे अनुनासिकावर संपतात, तिसरे ‘क्’वर. जावानी भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील, मराठी भारतीय-आर्य कुळातील. हे साम्य वारशाने आलेले नाही. (दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हा भेद जावानीतही आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.) बालीतील वादक वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या स्वरात लावतात. एका पट्टीची कंपने सेकंदाला 400 आणि दुसरीची 406 असतील, तर एकत्र वाजवताना नाद सेकंदाला 6 वेळा लहानमोठा होतो. या थरथरीला ते ‘ओम्बाक’, म्हणजे लाट, म्हणतात. आपल्या टाळाच्या दोन वाट्याही तंतोतंत सारख्या क्वचितच असतात; मोकळ्या टाळाचा नाद कानाशी धरून ऐका.

मृदंगाचे बोल याहून अधिक उद्बोधक आहेत. पुसेगावहून संपर्कसत्राला येणाऱ्या, भजनात मृदंगाची साथ करणाऱ्या एका विद्यार्थ्याने स्वाध्यायात ‘ता’, ‘घे’, ‘धा’ यांविषयी चार ओळी लिहून स्वतःच खोडल्या होत्या. ‘हे पुस्तकात नाही, सर,’ असे कारण त्याने दिले. माझ्या मते खोडलेला भाग हाच त्या उत्तराचा गाभा होता.

साध्या ताणलेल्या कातड्याचे, उदाहरणार्थ हलगीचे, उपस्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14 अशा अपूर्णांकी पटीत येतात. म्हणून हलगीतून ठाम स्वर ऐकू येत नाही. मृदंगाच्या उजव्या पुडीवरील शाईमुळे हे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकांजवळ येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात सहकाऱ्यासह हे दाखवून दिले. डाव्या तोंडावर थापलेली ओली कणीक त्या बाजूचा नाद खाली आणते. उजवीकडचा खुला बोल ‘ता’, डावीकडचा ‘घे’, दोन्ही एकदम वाजले की ‘धा’. ‘धा’मध्ये दंत्य स्थान ‘ता’चे आहे; घोषत्व आणि महाप्राणत्व ‘घे’चे. डावी बाजू दाबून वाजवली की अघोष ‘क’ येतो. तबल्याच्या तीनतालात खालीच्या भागात ‘धिं’चा ‘तिं’ आणि ‘धा’चा ‘ता’ होतो, म्हणजे डाव्याची गुंज थांबते तेव्हा बोलांतील घोषत्वही जाते. व्याकरणात घोष-अघोष हा भेद पाठ करणाऱ्यांनी तो येथे हाताने वाजवून पाहावा. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी 2003 साली तबल्याचे ध्वनी आणि उच्चारलेले बोल यांची मोजमापे ताडून पाहिली आणि त्यांच्यात ध्वनिगत साम्य असल्याचे दाखवले.

तथापि घाई नको. सोस्यूर यांनी भाषिक चिन्ह यादृच्छिक मानले आणि ध्वन्यनुकारी शब्दही अंशतः संकेतानेच ठरतात, असे बजावले. ‘तिरकिट’मधील ‘र’ हा आघाताच्या आवाजापेक्षा जिभेच्या सोयीने आला आहे. तो द्रुत लयीत म्हणता यावा लागतो. अनुकरण होते, पण त्या त्या भाषेच्या वर्णव्यवस्थेच्या चौकटीत. जिच्यात ‘ण’ नाही अशी भाषा दुसरे अनुनासिक शोधील.

स्वाध्याय : आपल्या घरी व गावी आवाजांसाठी वापरले जाणारे किमान 20 शब्द बोलीतील उच्चारांसह लिहा, प्रमाणभाषेत ‘सुधारून’ लिहू नका. रेंगाळणारे आणि तुटणारे आवाज वेगळे करून प्रत्येक शब्दाचा अंत्य वर्ण नोंदवा. घुंगरांची छुमछुम आणि ढोलाची ढमढम ‘म्’वर संपते, तर पोते पडल्याचा आवाज ‘धप्प’ असा येतो. हे तिन्ही शब्द ओठांवरच मिटतात. त्यांना एका रांगेत बसवाल की दोन, ते कारणांसह लिहा.