दख्खनमधील आफ्रिकी स्थलांतरितांचे सामाजिक व आर्थिक समायोजन

प्रस्तावना

स्थलांतरित समूह परक्या भूमीत कसा रुजतो, या प्रश्नाची उदाहरणे आपण बहुधा युरोप-अमेरिकेत शोधतो. वस्तुतः शिरूर तालुक्याला लागून असलेल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) परिसरात सोळाव्या शतकातच आफ्रिकेतून आलेली माणसे राज्यकारभारात उच्च पदांवर होती. भाषा, धर्म व आप्तसंबंध यांतून होणारे सामाजिक समायोजन आणि उपजीविकेतील स्थानातून होणारे आर्थिक समायोजन या दोन प्रक्रिया नेहमी एकत्र घडतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

निजामशाहीतील हबशी

दख्खनच्या सुलतानांना स्थानिक नातेसंबंध नसलेले, केवळ धन्याशी निष्ठा राखणारे सैनिक हवे होते. त्यासाठी अबिसीनियातून (इथिओपियातून) गुलाम आणले जात. मात्र ही गुलामी बहुधा वंशपरंपरागत नसे. धन्याच्या मृत्यूनंतर असा सैनिक अनेकदा स्वतंत्र होऊन स्वतःचे पथक उभारी. मलिक अंबर (सुमारे १५४८-१६२६) याचा प्रवास असाच झाला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही हबशीच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहास गादीवर बसविले व आपली मुलगी त्यास दिली. त्याने मराठा सरदारांना सोबत घेऊन गनिमी काव्याने मोगलांशी झुंज दिली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. खडकी (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर, तेथील नहर आणि जमीन महसुलाची व्यवस्था ही त्याची कामगिरी होय. येथे लष्करी नोकरीमुळे दोन्ही समायोजने एकत्र साधली.

जंजिऱ्याचे सिद्दी

मुरूडजवळील जंजिऱ्याच्या सिद्दींनी आरमार व किनाऱ्यावरील मुलूख यांच्या बळावर स्वतःची सत्ता निर्माण केली. मराठ्यांच्या वारंवार झालेल्या मोहिमांनंतरही जंजिरा किल्ला त्यांच्याकडेच राहिला. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. येथेही विशिष्ट कौशल्याला राजकीय गरजेची जोड मिळाली होती.

उत्तर कन्नडचे सिद्दी

यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दींची स्थिती याहून भिन्न आहे. यांतील अनेक जण गोव्यातील पोर्तुगीज सत्तेखालून पळून आलेल्या गुलामांचे वंशज मानले जातात. त्यांची बोली कोकणी असून तीवर मराठी व कन्नडचा प्रभाव आहे. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मीय आहेत. भाषा व श्रद्धा यांच्या दृष्टीने हे समायोजन जवळपास पूर्ण म्हणावे लागेल. तथापि शेतमजुरी व जंगलातील कामे यांपलीकडे त्यांना फारशी संधी मिळाली नाही. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. त्या समाजातून विधिमंडळात पोहोचलेले ते पहिलेच सदस्य होत.

सद्यःस्थिती

आज पुणे शहरात सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया इत्यादी देशांतील विद्यार्थी शिक्षण घेतात. विद्यार्थी व्हिसावर त्यांना नोकरी करता येत नाही. त्यामुळे यजमान समाजाशी त्यांचा संबंध प्रामुख्याने वर्ग, वसतिगृह व भाड्याची खोली यांपुरताच राहतो. सहकारी म्हणून एकत्र काम करण्यातून जी ओळख वाढते, तिला येथे वाव नाही. ही उणीव भरून काढण्याचे साधन महाविद्यालयाच्याच हाती आहे.

निष्कर्ष

१. सामाजिक समायोजन झाले म्हणजे आर्थिक समायोजन आपोआप होते, असे नाही.
२. स्थलांतरितांची इच्छा व कष्ट यांइतकेच यजमान व्यवस्थेने खुले केलेले मार्ग निर्णायक ठरतात. अंबरला दरबाराने मार्ग दिला. उत्तर कन्नडच्या सिद्दींना तो एकविसाव्या शतकापर्यंत मिळाला नाही.
३. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत निवासाची सोय, मराठीचे प्राथमिक वर्ग आणि अभ्यासमंडळे व क्रीडासंघांत सहभाग या गोष्टी महाविद्यालयांनी प्रवेशप्रक्रियेचाच भाग मानणे उचित ठरेल.