बोकडाचा घोटा आणि देवमासा

केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे देवमाशाचा विषय निघतो तो ‘व्हेलची उलटी’ पकडल्याची बातमी आली की. कोटींचे आकडे, बेड्या घातलेले आरोपी, आणि देवमासा राहिला बाजूलाच! पण त्याच्या कुळाचा पुरावा बघायला कोकणात उतरायची गरज नाही. बोकडाच्या मागच्या तंगडीत, घोट्याच्या सांध्यात जेमतेम इंचभर लांबीचं एक हाड असतं. ते उकळून, घासून हातावर घ्या. वर आणि खाली, दोन्ही टोकांना रहाटाच्या चाकासारखी खाच दिसेल. कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या घोट्यात अशी खोल खाच फक्त वरच्या बाजूला असते. दोन्हीकडची खाच ही गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांची खूण.

२००१ साली नेमकी हीच खूण पाकिस्तानात मिळालेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यात दिसली. फिलिप गिंगरिच यांच्या चमूला ती बलुचिस्तानच्या जीवाश्मांत मिळाली आणि हान्स थेविसन यांच्या चमूला पंजाबातल्या. तोवर दातांच्या ठेवणीवरून बऱ्याच जीवाश्मतज्ज्ञांना वाटत होतं, की नामशेष झालेले काही मांसाहारी खुरी प्राणी हे देवमाशाचे पूर्वज असावेत. डीएनए तपासणारे मात्र पाणघोड्याकडे बोट दाखवत होते. गिंगरिच स्वतः पहिल्या पक्षातले, पण हाड हातात आल्यावर त्यांनी मत बदललं. मला या सगळ्या प्रकरणात हे फार आवडतं.

पाणघोडा हा देवमाशाचा बाप नव्हे, चुलतभाऊ. मग मूळ पुरुष कसा असेल? त्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्राणी आपल्या देशात सापडला, तोही दगडांच्या एका जुन्या साठ्यात. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटहून जीवाश्मांनी भरलेले दगड जमवले होते. त्यातल्या काही दातांवरून आणि जबड्यावरून १९७१ मध्ये त्यांनी ‘इंडोह्युस’ हे नाव दिलं. बरेचसे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या पश्चात पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. पुढे प्रयोगशाळेत साफसफाई करताना तंत्रज्ञाकडून एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून फुटला. आत कानाच्या हाडाची भिंत एका बाजूला विलक्षण जाड होती. अशी जाडी तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. २००७ च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला, त्यात रुरकीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे बी. एन. तिवारी हेही होते.

इंडोह्युस साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा. सह्याद्रीतलं पिसोरी हरीण डोळ्यांपुढे आणलं तर अंदाज येईल. त्याच्या पायांची हाडं भरीव आणि जड, म्हणजे पाण्यात तळाशी चालायला सोयीची. पिसोरीचा आफ्रिकेतला एक नातलग आजही शत्रू दिसला की पाण्यात बुडी मारून लपतो. इंडोह्युसही भीतीपोटीच पाण्यात शिरला असावा, शिकारीची चटक मागाहून लागली, असं थेविसन यांचं म्हणणं. मला ते पटतं.

पुढचे टप्पे भराभर आले. पाकिसेटस चार पायांवर चालणारा, लांडग्याएवढा. अँब्युलोसेटस मगरीसारखा दबा धरणारा. आणि मग कच्छ. तिथल्या हरुडी भागातून अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७२ पासून प्राचीन देवमाशांची नोंद केली. २००० साली तिथल्याच छोट्या, लांब शेपटीच्या देवमाशाला ‘कच्छिसेटस’ नाव मिळालं. हे प्राणी उथळ, खाऱ्या पाण्यात वावरत होते. आजचं वाळवंटी कच्छ तेव्हा किनारा होतं.

नांदूरघाटच्या विहिरी खणताना मात्र असलं काही निघायचं नाही. इथला काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, लाव्हा थिजून झालेला. देवमाशाची गोष्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधीच तो थंड होऊन बसला होता.

२०१५ च्या जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेल्या पिल्लाला लोकांनी खटपट करून समुद्रात ओढून नेलं, तरी तेही वाचलं नाही. अशा वेळी बघ्यांनी शेपटीकडे नीट पाहावं. माशाची शेपटी उभी आणि डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची आडवी आणि वर-खाली. चौखूर उधळलेल्या बैलाची पाठ जशी वाकते-ताणते, तीच हालचाल शेपटीपर्यंत पोचलेली. जठरही गुराढोरांसारखं अनेक कप्प्यांचं. डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीच्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि विरून जातात. मोठ्या देवमाशातही कमरेची दोन हाडं मांसात सुटी राहिलेली असतात. ती निव्वळ अडगळ आहे असं पूर्वी समजत, पण नराच्या जननेंद्रियाचे स्नायू त्यांनाच बांधलेले असतात. पाय गेले तरी त्या हाडांची नोकरी सुटलेली नाही.