तुरुंगातून थेट सरकारात : घानाच्या स्वातंत्र्याला एका अर्जापासून सुरुवात कशी झाली?

२८ फेब्रुवारी १९४८. आक्रा शहरात माजी सैनिकांचा एक मोर्चा निघाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले हे लोक. हातात शस्त्र नव्हतं, गव्हर्नरला द्यायचा एक अर्ज होता. मागणी साधी होती: पेन्शन आणि नोकरीचं जे कबूल केलंत, ते द्या.

ठरलेला रस्ता सोडून मोर्चा गव्हर्नरच्या ख्रिश्चन्सबर्ग किल्ल्याकडे वळला. चौकात पोलिसांनी अडवलं. पोलीस अधिकारी कॉलिन इम्रे यांनी एका शिपायाच्या हातातली रायफल घेऊन स्वतःच गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टी लॅम्प्टे मारले गेले. ब्रह्मदेशच्या जंगलातून वाचलेली माणसं आपल्याच राजधानीत गेली.

तेव्हा या वसाहतीचं नाव होतं गोल्ड कोस्ट. नऊ वर्षांनी, ६ मार्च १९५७ला तिचा घाना झाला. सुदान सोडलं तर आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता देऊन ब्रिटिशांनी सोडलेली ही पहिली वसाहत.

राग फक्त सैनिकांचा नव्हता

महायुद्धानंतर कापडापासून डबाबंद मासळीपर्यंत सगळं महागलं होतं आणि आयातीचा व्यापार मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात होता. नी क्वाबेना बोन्ने या स्थानिक प्रमुखाने जानेवारी १९४८मध्ये परदेशी मालावर बहिष्कार पुकारला. महिनाभराने कंपन्या नफ्याचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणायला तयार झाल्या आणि बहिष्कार मागे घेतला गेला, तोही नेमका २८ फेब्रुवारीलाच. लोक दुकानात गेले, तर भाव फारसे उतरलेच नव्हते. तेवढ्यात गोळीबाराची बातमी आली.

खेड्यात वेगळंच दुखणं होतं. कोकोच्या झाडांवर रोग पडला होता आणि तो पसरू नये म्हणून सरकार झाडं तोडत होतं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण आयुष्यभराची कमाई डोळ्यांसमोर आडवी होताना शेतकऱ्याला शास्त्र कोण सांगणार?

हे तिन्ही राग एकत्र आले आणि दंगली पेटल्या. देशभरात २९ जणांचा बळी गेला. सरकारने खापर फोडलं ते ‘युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन’ या पक्षावर आणि त्याच्या सहा नेत्यांना उचललं. त्यात ज्येष्ठ वकील जे. बी. डान्क्वा होते आणि काही महिन्यांपूर्वीच लंडनहून सचिव म्हणून बोलावलेले क्वामे एन्क्रुमाही.

‘लवकरात लवकर’ की ‘आत्ताच’?

ब्रिटनने वॉटसन आयोग नेमला. दोनच वर्षांपूर्वी दिलेली राज्यघटना कालबाह्य असल्याचं आयोगानेच सांगितलं. पुढच्या घटनेचा आराखडा करायला बसलेल्या कूसी समितीत सगळे सदस्य आफ्रिकन होते. एन्क्रुमांना मात्र वगळलं होतं.

डान्क्वांच्या पक्षाला स्वराज्य लवकरात लवकर हवं होतं, एन्क्रुमांना ते ‘आत्ताच’ हवं होतं. जून १९४९मध्ये त्यांनी ‘कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी’ काढली आणि जानेवारी १९५०मध्ये संप, बहिष्कार आणि असहकाराची मोहीम सुरू केली. तिच्यामागे गांधीजींची प्रेरणा असल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सरकारने त्यांना आक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात टाकलं.

इथे कायद्यातली एक फट कामी आली. एन्क्रुमांची एकूण शिक्षा तीन वर्षांची होती, पण ती एकेक वर्षाच्या तुकड्यांची. एक वर्षापर्यंत शिक्षा झालेल्याला मतदार होता येत होतं, त्यामुळे कैदेतूनच त्यांनी अर्ज भरला. फेब्रुवारी १९५१मध्ये आक्रा सेंट्रलमध्ये २३,१२२पैकी २२,७८० मतं एकट्या एन्क्रुमांना पडली. लोकांनी निवडून द्यायच्या ३८पैकी ३४ जागा पक्षाने घेतल्या.

गव्हर्नर चार्ल्स आर्डेन-क्लार्क यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. या माणसाला आत ठेवलं असतं, तर नवी घटना पहिल्याच दिवशी मोडली असती. १२ फेब्रुवारीला एन्क्रुमा सुटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नरनी त्यांना सरकार बनवायला सांगितलं.

मग आणखी सहा वर्षं का?

कारण ‘आत्ताच’ म्हणणाऱ्यांना आता ब्रिटिशांसोबत कारभार करायचा होता. शिवाय भांडण घरातच लागलं. १९५४मध्ये नव्या सरकारने कोकोचा खरेदीभाव गोठवला, जगात भाव चढलेले असताना. कोको पिकवणारा अशांती प्रदेश खवळला आणि सगळी सत्ता आक्राला नको, संघराज्य हवं, अशी मागणी पुढे आली. ब्रिटनने आणखी एक निवडणूक घ्यायला लावली. १९५६च्या या निवडणुकीत एन्क्रुमांनी १०४पैकी ७१ जागा जिंकल्या आणि स्वातंत्र्याची तारीख ठरली.

नव्या देशाला ‘घाना’ हे जुन्या आफ्रिकी साम्राज्याचं नाव मिळावं, हा आग्रह धरणाऱ्यांत डान्क्वा आघाडीवर होते. पण १९५८मध्ये एन्क्रुमा सरकारने खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येईल असा कायदा केला. त्याच कायद्याखाली डान्क्वांना अटक झाली. १९४८ साली ब्रिटिशांनी ज्यांना एन्क्रुमांसोबत पकडलं होतं, ते डान्क्वा फेब्रुवारी १९६५मध्ये स्वतंत्र घानाच्या न्सावाम तुरुंगात वारले.