विश्लेषण : प्रोग्रामरांचा हक्काचा ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ओस का पडतोय?

कोड चालेना की एररची ओळ उचलायची, गूगलमध्ये टाकायची आणि वर येणारी पहिली लिंक उघडायची, हा जगभरच्या प्रोग्रामरांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. ती लिंक बहुतेक वेळा ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ची असे. आता तीच ओळ थेट चॅटजीपीटीला किंवा एडिटरमधल्या एआय सहायकाला दिली जाते. परिणामी या संकेतस्थळावर येणारे नवे प्रश्न झपाट्याने आटले आहेत.

हे संकेतस्थळ एवढे मोठे कसे झाले?

जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये ते सुरू केले. त्याआधीच्या फोरमवर उत्तर शोधायचे म्हणजे पानेच्या पाने गप्पा चाळाव्या लागत. काही ठिकाणी तर पैसे मोजावे लागत. येथे मात्र एक प्रश्न, त्याखाली उत्तरे आणि जास्त मते मिळालेले उत्तर वर, अशी सुटसुटीत रचना होती. उत्तराला एक पसंतीचे मत मिळाले की लिहिणाऱ्याला १० गुण. पैसा नाही, फक्त गुण आणि नाव. तेवढ्यासाठी जाणकार मंडळी तासन् तास लिहीत.

२०१२ मधील एक गाजलेला प्रश्न पाहा. आकडे आधी क्रमाने लावले तर तोच कोड कितीतरी वेगाने चालतो, असे का? उत्तर देणाऱ्याने रेल्वेच्या सांध्याचे उदाहरण घेतले. गाडी कुठे वळणार हे विचारायला प्रत्येक वेळी थांबली तर वेळ जाणार. त्यापेक्षा अंदाजाने रूळ आधीच लावून ठेवायचा. प्रोसेसरही असाच अंदाज बांधतो आणि क्रमाने लावलेल्या आकड्यांत तो क्वचितच चुकतो. विचारणारा एक, पण हे उत्तर आजही लोक वाचतात.

दोष केवळ एआयचा आहे का?

नाही. ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ असा शेरा मारून प्रश्न बंद करण्याची तिथली रीत नवख्यांना फटकारल्यासारखी वाटे. दुसऱ्याच्या प्रश्नावर साधी टिप्पणी करायलाही ५० गुण लागतात. नवोदितांना येथे परके वाटते, ही कबुली कंपनीनेच २०१८ मध्ये दिली होती. चॅटबॉट कधी खेकसत नाही, हे आकर्षण कमी नव्हते.

पण खरा तडाखा ३० नोव्हेंबर २०२२ नंतर बसला. चॅटजीपीटी आल्यानंतरच्या सहा महिन्यांत, ते सहज उपलब्ध नसलेल्या रशियन व चिनी मंचांच्या तुलनेत, येथील वावर सुमारे २५ टक्क्यांनी घटला, असे ‘पीएनएएस नेक्सस’मधील २०२४ च्या शोधनिबंधात म्हटले आहे. आटलेले प्रश्न केवळ फुटकळ होते, असेही त्यात दिसले नाही.

कंपनीने काय केले?

एआयने लिहिलेल्या उत्तरांवर डिसेंबर २०२२ मध्ये बंदी आली. पुढे या धोरणावरूनच जून २०२३ मध्ये स्वयंसेवक नियंत्रकांनी संप पुकारला. ऑक्टोबरमध्ये २८ टक्के कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. मे २०२४ मध्ये कंपनीने चक्क ओपनएआयशी करार केला. निषेध म्हणून काहींनी आपलीच जुनी उत्तरे पुसायला घेतली, तर त्यांची खाती निलंबित झाली. फुकट लिहिणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे.

मग अडचण कुठे आहे?

चॅटमध्ये मिळालेले उत्तर त्या एकाच खिडकीत राहते. दुसऱ्याच्या ते हाती लागत नाही आणि ‘नव्या आवृत्तीत हे चालत नाही’ असे खाली लिहिणाराही कोणी नसतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरचे ५१७ प्रश्न चॅटजीपीटीला विचारले. ५२ टक्के उत्तरांत चुकीची माहिती आढळली. मॉडेल त्यानंतर सुधारली. पण ती शिकली, त्यात याच मंचांवरच्या उत्तरांचाही वाटा आहे. उद्या नवी लायब्ररी आली, तर तिची अधिकृत माहितीपुस्तिका असेल, गिटहबवर कोडही असेल. पण ती प्रत्यक्षात कुठे अडते आणि त्यातून सुटायचे कसे, हे उघड्यावर कोण लिहून ठेवणार?

कंपनीच्याच २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के प्रोग्रामर एआय साधने वापरतात किंवा वापरू इच्छितात; त्यांच्या अचूकतेवर भरवसा नसल्याचे ४६ टक्के सांगतात. आणि सुमारे ३५ टक्के जण म्हणतात, की एआयमुळे उद्भवलेल्या अडचणी सोडवायला ते अधूनमधून स्टॅक ओव्हरफ्लोवरच येतात.